तुम्ही विचारलंत म्हणून : चू शीला मोठा का मानायचे?

चिनी विचारपरंपरेचा विषय निघाला की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो : कन्फ्यूशियन ग्रंथांवरच्या ज्याच्या भाष्यांची घोकंपट्टी करून चीनमधले उमेदवार शतकानुशतके सरकारी परीक्षा देत राहिले, त्या चू शीला तुम्ही मोठा विचारवंत का मानता? माझे उत्तर त्याच्या सिद्धान्तांपेक्षा त्या सिद्धान्तांपर्यंतच्या त्याच्या वाटचालीत आहे.

चू शी ११३० साली फूच्येन प्रांतात जन्मला. कोवळ्या वयात वडील वारले आणि त्यांनी सोपवल्याप्रमाणे त्यांच्या तीन मित्रांनी त्याला शिकवले. कन्फ्यूशियसच्या ग्रंथांबरोबरच बौद्ध ध्यानमार्गाचेही त्याला मनापासून आकर्षण होते; परीक्षेत आपण एका भिक्षूकडून ऐकलेले विचार वापरले होते, असे त्याने पुढे शिष्यांना सांगितले. ११४८ साली तो सर्वोच्च पदवी मिळवून सरकारी सेवेसाठी पात्र ठरला.

त्यानंतर त्याची ली थुंग या वडिलांच्या परिचयातल्या विद्वानाशी भेट झाली. ली थुंगने त्याच्या बौद्ध मतांचे खंडन करत न बसता केवळ प्राचीन ऋषितुल्य पुरुषांची वचने वाचायला सांगितले, आणि चू शीने काहीशा अनिच्छेनेच ते ऐकले. वाचता वाचता त्या वचनांत गोडी वाटू लागली आणि ध्यानमार्गातल्या उणिवा दिसू लागल्या. मात्र भावना उमटण्यापूर्वीचे मन शांत बसून न्याहाळावे, ही ली थुंगची मुख्य शिकवण ११६३ साली गुरू वारले तरी त्याला उमगली नव्हती.

पुढची सहा वर्षे मला सर्वांत मोलाची वाटतात. चांग श या मित्राशी चर्चा करायला तो ११६७ साली हूनानला गेला, आणि मन सदैव क्रियाशीलच असते, म्हणून त्याची साधनाही क्रियेतच करायची, या मतापर्यंत आला. ११६९ साली एका शिष्याला हेच समजावताना त्याला स्वतःच्या मताची शंका आली. छंग बंधू या अकराव्या शतकातल्या कन्फ्यूशियन विचारवंतांचे लेखन पुन्हा वाचल्यावर त्याची खात्री पटली की मनाला निश्चल आणि क्रियाशील अशा दोन्ही अवस्था असतात. म्हणून आदरपूर्वक सावध राहून मन जोपासायचे आणि त्याच वेळी एकेका वस्तूतले तत्त्व शोधत ज्ञान वाढवायचे. विशेष म्हणजे मत बदलल्यावर त्याने जुने मत मांडणारी आपली पत्रे नष्ट केली नाहीत; ११७२ साली ती एकत्र करून, आपण कुठे चुकलो हे सांगणारी प्रस्तावना जोडली. प्रतिष्ठा वाढत असताना असे करणारे विद्वान कोणत्याही काळात थोडेच.

ही वृत्ती पुढेही टिकली. लू च्यूयुआन या समकालीन विचारवंताशी ११७५ साली त्याचा जाहीर मतभेद झाला, तरी ११८१ मध्ये त्याने त्यालाच आपल्या विद्यापीठात व्याख्यानाला बोलावले आणि ते व्याख्यान दगडावर कोरून घेतले. ‘महाविद्या’ या प्राचीन कन्फ्यूशियन ग्रंथावरच्या भाष्यात तर तो १२०० साली मृत्यूच्या काही दिवस आधीपर्यंत दुरुस्त्या करत होता, आणि तेव्हा दरबाराने त्याची शिकवण ‘खोटी विद्या’ ठरवलेली होती.

त्याची भाष्ये परीक्षेसाठी प्रमाण ठरली ती १३१३ साली, मंगोल राजवटीत, आणि ती व्यवस्था १९०५ पर्यंत चालली. मात्र चू शीने स्वतः परीक्षासुधारणेवर जो मसुदा लिहिला, त्यात प्रत्येक ग्रंथासाठी अनेक भाष्ये नेमावीत आणि उमेदवाराने ती मते मांडून मग स्वतःचा निर्णय द्यावा, अशी मागणी होती. त्या भाष्यकारांत ज्याच्या राजकारणावर त्याने कठोर टीका केली होती तो अकराव्या शतकातला सुधारणावादी मंत्री वांग आनशीही होता.