नको म्हटलं ना! पॅरिस, रोम आणि प्राग

युरोपला जायचं ठरल्यावर आमच्या नातेवाइकांत दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, 'तिकडे सगळं शिस्तीत असतं, निर्धास्त फिरा.' दुसऱ्याचं, 'पॅरिसला पाकीट मारतातच, पैसे बनियनला खिसा शिवून त्यात ठेवा.' आम्ही चौघं, म्हणजे मी, बायको, आई आणि मावशी, पॅरिस, रोम, प्राग करून व्हिएन्नाहून परत आलो. पाकीटही शाबूत आहे आणि पासपोर्टही. आल्यापासून जो तो विचारतोय, म्हणून एकदाच लिहून ठेवतो. स्थळांची वर्णनं यात फारशी नाहीत. आयफेल टॉवर कसा दिसतो ते सगळ्यांना माहीत आहे.

एक गोष्ट आधी सांगतो, कारण पुढचं बरंचसं तिच्यावरच बेतलेलं आहे. तिकडे खिशात हात घालून नेणारे आहेतच, पण त्याहून जास्त पैसे जातात ते आपल्या भिडेपायी. कुणी हातात काही दिलं की आपण घेतो. कुणी हसून बोललं की थांबतो. वेटरने टेबलावर काही आणून ठेवलं की 'हे कितीला?' असं विचारायची लाज वाटते. भीड भिकेची बहीण, ती परदेशात जरा जास्तच लवकर घरी येते. आमच्यात भीड या प्रकाराशी अजिबात ओळख नसलेली एकच व्यक्ती होती, मावशी. जन्म गेला तिचा सातवीचे वर्ग सांभाळण्यात.

तयारीचं थोडक्यात सांगतो. शेंगेन व्हिसाची (युरोपातल्या बऱ्याचशा देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) फी प्रौढांना ९० युरो आणि प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो, हे पक्कं लक्षात ठेवा, म्हणजे एजंटने सांगितलेल्या आकड्यातला त्याचा वाटा किती ते कळतं. 'अपॉइंटमेंट काढून देतो, वरचे एवढे द्या' म्हणणारे भेटतील. तारखा स्वतःच रोज बघितल्या तर बहुतेकदा मिळतात, फक्त लवकर सुरुवात करा. दागिने घरी ठेवा. आईला मंगळसूत्र काढायचं नव्हतं, तेव्हा तिने बारीक मण्यांचं घातलं आणि वर बंद गळ्याचा स्वेटर. दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं घ्या आणि ती दोघांच्या अंगावर वाटून ठेवा. कंबरेचा पाउच कपड्यांच्या आत बांधायचा असतो. तो शर्टवरून बांधून मिरवणारे आपले पुष्कळ लोक पाहिले. चोराला पत्ता लिहून दिल्यासारखंच ते.

पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळावर बाहेर पडतापडताच 'टॅक्सी? टॅक्सी?' करत माणसं अंगावर येतात. खऱ्या टॅक्सीवाल्याला असं आत येऊन गिऱ्हाईक शोधावं लागत नाही, तो बाहेर रांगेत उभा असतो. या टॅक्सीचे शहरात जायचे दर सरकारने ठरवलेले आहेत: सीन नदीच्या उजव्या तीरावर ५६ युरो, डाव्या तीरावर ६५. बॅगांचे वेगळे नाहीत, रात्रीचे जास्त नाहीत. चौघं असाल तर आरईआर या उपनगरी ट्रेनची चार तिकिटं जवळपास तेवढ्यालाच पडतात, तेव्हा बॅगा ओढत जिने चढण्यापेक्षा टॅक्सी बरी. एकटेदुकटे असाल तर ट्रेन.

मेट्रोत पाकीटमारांपासून सावध राहा अशी घोषणा अनेक भाषांत होत असते आणि ती उगाच होत नाही. लूव्र संग्रहालय आणि शाँझेलिझे रस्त्याकडे नेणारी एक नंबरची लाइन त्यांची विशेष आवडती. दाराजवळ मोबाइल हातात धरून उभं राहू नका. दार बंद व्हायच्या क्षणी हिसकावून उडी मारली की गाडी सुटलेली आणि तुम्ही आत. यात मुंबई लोकलची सवय कामी आली, बॅग पोटावर घ्यायला आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही. नाविगो ईझी, म्हणजे मेट्रोचं तिकीट भरायचं कार्ड, प्रत्येकाचं वेगळं लागतं. एकाच कार्डावर दोघं आत शिरलात तर तपासनीस दंड करतात आणि 'माहीत नव्हतं' ऐकून घेत नाहीत. ही फसवणूक नव्हे, नियमच आहे, पण पर्यटकांचे पैसे यातही बरेच जातात.

आता मोंमार्त्र, पॅरिसमधली टेकडी. सॅक्रे-कर चर्चच्या पायथ्याशी, बागेच्या पायऱ्या सुरू होतात तिथे, रंगीत दोऱ्यांचे गोफ घेतलेले तरुण उभे असतात. 'इंडिया? नमस्ते! शाहरुख खान!' करत हसत येतात, हात पुढे करतात. आपण हात मिळवला की बोट धरून ठेवतात आणि त्या बोटाभोवती दोऱ्याचा गोफ विणायला घेतात. विणून झाला की मनगटावर गाठ मारतात, ती सहज सुटत नाही, आणि मग दहा-वीस युरो मागतात. तोवर आजूबाजूला त्याचे दोघं-तिघं मित्र जमलेले असतात. आमच्या पुढे चाललेल्या एका मुलाची तीच गत चालली होती, बिचारा हसतही होता आणि हात सोडवतही होता. एकजण मावशीकडे वळला. तिने दोन्ही हात शालीत घेतले आणि वर्गात मागच्या बाकावर ऐकू जावं अशा आवाजात म्हणाली, 'ए! हात लावायचा नाही. नको म्हटलं ना!' शुद्ध मराठीत. तो दोन पावलं मागे सरकला. 'ओके ममा, ओके.' आई म्हणाली, 'अगं, त्याला काय कळलं?' मावशी म्हणाली, 'सगळं कळलं.'

गंमत सोडली तर मुद्दा खरा आहे. इंग्रजीत 'नो, थँक यू, सॉरी' म्हणत बसलात की संभाषण सुरू होतं आणि त्यांना तेच हवं असतं. मराठीत ठणकावून बोला, हात खिशात ठेवा, पाय थांबवू नका. आणि वाद टाळायचाच असेल तर त्या पायऱ्यांवरून जायची गरजच नाही. डावीकडे फ्युनिक्युलर, म्हणजे उतारावर रुळांवरून चढणारा डबा, आहे, मेट्रोच्या तिकिटावर वर नेते. किंवा लामार्क-कोलँकूर स्टेशनला उतरून मागच्या बाजूने चढा, वाटेत गर्दी कमी आणि गल्ल्या जास्त सुंदर.

लूव्र आणि आयफेलच्या आसपास मुली कागदाचं पॅड घेऊन येतात, मूकबधिरांसाठी सही करा म्हणतात. सही झाली की देणगी मागतात. ते पॅड तुमच्या बॅगेवर किंवा टेबलावरच्या मोबाइलवर आडवं धरलेलं असतं आणि खाली हात काम करत असतो. सीनच्या काठी कुणी तुमच्या पायाशी वाकून 'सोन्याची' अंगठी उचलतो आणि ती तुमचीच का विचारतो. ती पितळेची असते. आयफेलजवळच्या पुलावर तीन वाट्या आणि एक गोळी यांचा खेळ चालतो. त्यात जिंकताना दिसतात ती सगळी खेळ चालवणाऱ्याचीच माणसं. नुसतं बघायलाही थांबू नका, कारण त्या घोळक्यात खिसे तपासले जातात. एक बरी बातमी: आयफेल टॉवरचं तिकीट काढताना २०२४ पासून यूपीआय चालतं.

रोमला टर्मिनी स्टेशनवर तिकिटाचं यंत्रच मोठ्याने 'पाकीटमारांपासून सावध' म्हणून ओरडतं. तरीही यंत्रापाशी 'मदत करू?' म्हणणारे असतात. मदत झाली की पैसे मागतात, नाहीतर सुटे उचलतात. त्यांच्याकडे बघायचंच नाही. विमानतळावरून येणाऱ्या लिओनार्दो एक्स्प्रेसचं तिकीट १४ युरो, ३२ मिनिटांत टर्मिनी. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवून घ्या, नाहीतर तिकीट काढूनही दंड. टॅक्सी घेतलीत तर पांढरी, आणि विमानतळ ते जुनं शहर हा ठरलेला दर गाडीच्या दारावरच लिहिलेला असतो. तो दाखवून मगच बसा. टर्मिनीहून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस खिसेकापूंसाठी प्रसिद्ध आहे. आम्ही ती टाळली, मेट्रोने गेलो.

कलोसियमच्या बाहेर गळ्यात ओळखपत्र अडकवलेली मंडळी 'रांग चुकवा' म्हणून तिकिटं विकतात. सुरक्षा तपासणीची रांग कुणालाच चुकत नाही. अधिकृत तिकीट १८ युरो, त्यावर नाव असतं आणि दारात ओळखपत्र बघतात. म्हणून दुसऱ्याच्या नावाचं तिकीट म्हणजे कागद. अधिकृत साइटवर आधीच काढा, विक्री उघडली की भराभर संपतात. तिथेच रोमन सैनिकाच्या वेशातले लोक फोटोला उभे राहतात आणि फोटो झाल्यावर आकडा सांगतात. स्पॅनिश स्टेप्सवर बायकोच्या हातात एकाने गुलाब दिला. 'फ्री, फ्री, फॉर ब्यूटी.' आणि मग तो माझ्या मागे लागला. तिने शांतपणे गुलाब कठड्यावर ठेवला आणि आम्ही चालू लागलो. परत हातात द्यायला गेलात तर तो घेत नाही, हे ध्यानात ठेवा. त्या पायऱ्यांवर बसू मात्र नका, २०१९ पासून बंदी आहे आणि दंड होतो.

रोमचं जेवण चोरांपेक्षा महाग पडू शकतं, तेही पूर्ण कायद्यात बसून. मेनूत माशाच्या पुढे ७ युरो दिसतात आणि बाजूला बारीक अक्षरांत 'एत्तो', म्हणजे शंभर ग्रॅमला. आख्खा मासा नऊशे ग्रॅमचा आला की झाले ६३. पँथिऑन या प्राचीन मंदिराजवळ शेजारच्या टेबलावर याच हिशोबावरून हुज्जत चालली होती आणि वेटर मेनूतल्या त्या बारीक अक्षरांवर बोट ठेवून उभा होता. मागितलेलं नसताना ब्रेड आला, पाण्याची बाटली आली, तर ती बिलात येणार हे धरून चाला. नको असेल तर तिथल्या तिथे परत पाठवा. कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्या. तीच कॉफी चौकातल्या खुर्चीत बसून घेतली की तिप्पट-चौपट होते. पाणी विकत घेऊच नका. शहरभर अडीच हजारांच्या आसपास नासोनी, म्हणजे लोखंडी खांबांचे नळ, चोवीस तास वाहत असतात. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या बारीक छिद्रातून पाण्याची धार उसळते, वाकून प्यायला सोपं जातं. हे कळल्यावर आई प्रत्येक नळापाशी थांबायला लागली. पॅरिसमध्येही हॉटेलात 'कराफ दो' मागितलंत की नळाचं पाणी फुकट द्यावंच लागतं.

प्रागमध्ये युरो नाही, कोरुना चालतो, आणि तिथली लूट बरीचशी पैसे बदलण्यातच होते. पाटीवर मोठ्या अक्षरांत 'शून्य कमिशन' असतं. असेल शून्य, दरच कमी दिलेला असतो. मी नोट काचेच्या अलीकडेच धरून विचारलं, 'शंभर युरोचे हातात किती?' जुन्या चौकाजवळच्या एका खिडकीत उत्तर मिळालं दोन हजारांच्या आसपास. मागच्याच गल्लीत दुसरीकडे चोवीसशेच्या वर. एवढा एक प्रश्न विचारायला पुरेसा आहे, दराचा तक्ता वाचायची गरज नाही. आणि समजा आधीच बदलून बसलात, तर २०१९ पासून तिथे कायदा आहे: पावती घेऊन तीन तासांच्या आत त्याच खिडकीत गेलात तर एक हजार युरोपर्यंतचा व्यवहार रद्द करता येतो. रस्त्यावर जास्त दर देतो म्हणणाऱ्याशी मात्र बोलूही नका. तो बेलारूसच्या बाद झालेल्या नोटा हातात टेकवतो.

एटीएमचंही तेच. पर्यटकांच्या गल्ल्यांत पावलोपावली सुटी यंत्रं उभी आहेत, ती टाळा. बँकेच्या भिंतीतलं एटीएम शोधा. यंत्र विचारतं, 'तुमच्या चलनात बदलून देऊ का?' आणि होकाराचं बटण मोठं, हिरवं, नकाराचं कोपऱ्यात. नकार द्या, तरीही पैसे येतात. होकारात दहा टक्के सहज जातात. दुकानातल्या कार्डयंत्रावर 'रुपये की स्थानिक चलन?' आलं तरी स्थानिकच निवडा. काही दुकानदार तुमच्या वतीने स्वतःच रुपयांचं बटण दाबतात. यंत्र हातात मागून घ्या, भीड धरू नका.

चौकातल्या ठेल्यावर फिरत्या लोखंडी सळीवर भाजलेलं डुकराचं मांस मिळतं. मांसाहार करणाऱ्यांनी तिथेही पाटी नीट वाचा, लिहिलेला दर शंभर ग्रॅमचा असतो आणि ठेलेवाला तुम्हाला न विचारता चारशे ग्रॅमचा तुकडा कापतो. कापण्याआधी वजन सांगा. ट्राममध्ये साध्या कपड्यांतले तपासनीस येतात. त्यांच्याकडे बिल्ला असतो, तो बघायला मागा. कुणी पोलीस म्हणून 'पाकीट दाखवा, नोटा तपासायच्या आहेत' म्हणाला तर तो पोलीस नव्हे. 'चौकीत चला' म्हणा आणि ११२ लावा, हा नंबर सगळ्या युरोपीय संघात चालतो.

व्हिएन्नात फसवणूक अशी भेटली नाही. मोझार्टचा टोप घातलेले लोक कॅथेड्रलपाशी मैफलीची तिकिटं विकतात, ती मैफल खरी असते, फक्त नावाजलेल्या सभागृहातली असेलच असं नाही. विचारून घ्या.

पासपोर्ट गेलाच तर आधी स्थानिक पोलिसांत तक्रार करून तिची प्रत घ्या, मग भारतीय दूतावास. या चारही शहरांत आपला दूतावास आहे. तिथे परत येण्यापुरतं इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं. पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या पानाच्या झेरॉक्स आणि दोन फोटो बॅगेत वेगळे ठेवा, कामं पटापट होतात. कार्ड ब्लॉक करायचे नंबर कागदावर लिहून घ्या, आणि बँकेकडून परदेशातून लागणारे नंबर मागून घ्या. आपले १८०० ने सुरू होणारे नंबर तिकडून बहुधा लागत नाहीत.