आठही लाइट जळत होते

नागपूरच्या धरमपेठेत माझं कर सल्लागाराचं ऑफिस आहे. तिथले कॉम्प्युटर केबलने सर्व्हरला जोडून घेतले. खाली दोन खोल्या, वर एक, मिळून नेटवर्क केबलचे १२ पॉइंट. भिंतीला भोकं पाडणं, केसिंग पट्टी ठोकणं, केबल ओढणं हे सगळं अडीच दिवसांत उरकलं. डोकं फिरलं ते त्यानंतरच्या अकरा दिवसांत.

खालच्या खोल्यांत सगळं सुरळीत. वरच्या तीन कॉम्प्युटरवर मात्र वेग १ गिगाबिटऐवजी १०० मेगाबिट दाखवायचा आणि सर्व्हरवरची फाइल उघडताना गोल गोल फिरत राहायचं. २० तारीख तोंडावर, रिटर्न भरायचे, आणि वरची पोरं पेन ड्राइव्ह घेऊन जिना चढउतार करताहेत.

केबलवाल्याला बोलावलं. त्याने खिशातून छोटा टेस्टर काढला, दोन्ही टोकांना लावला. एक ते आठ हिरवे लाइट ओळीने लागले. "भाऊ, आठही लाइट जळून राहिले, अजून काय पायजे?" मग दोष स्विचचा, म्हणजे सगळ्या केबल जिथे येऊन जुळतात त्या डब्याचा ठरला. ३ हजारांचा नवा स्विच आणला. तेच. मग दोष कॉम्प्युटरचा, मग इंटरनेट कंपनीचा. इंटरनेटचा आणि ऑफिसातल्या सर्व्हरचा काय संबंध, हे मी तीनदा विचारलं. दर वेळी तो टेस्टर काढायचा. ते हिरवे लाइट अजून माझ्या डोळ्यांसमोर येतात.

शेवटी रविवारी भाचा आला. मिहानमध्ये, म्हणजे इथल्या आयटी कंपन्यांच्या भागात, नेटवर्कचंच काम करतो. तर्री-पोहे खाऊन वर गेला, केबलच्या टोकाचा कनेक्टर बोटांत धरून उजेडात पाहिला आणि हसला. "मामा, रंग बघा." कनेक्टर पारदर्शक असतो, मलाही दिसलं: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जोडीशेजारी जोडी, अगदी शहाण्यासारखी मांडलेली. आणि तीच चूक.

कनेक्टरमध्ये तारा लावायच्या ए आणि बी अशा दोन ठरलेल्या पद्धती आहेत. बी पद्धतीत पांढऱ्या-हिरव्यानंतर निळा, मग पांढरा-निळा, आणि हिरवा थेट सहाव्या जागी. तिसरी आणि सहावी पिन मिळून एक जोडी. मधल्या चौथ्या-पाचव्या जागा जुन्या टेलिफोनच्या जोडीशी जुळाव्यात म्हणून हा विचित्र क्रम. तारा जोडीजोडीने पिळलेल्या असतात त्या शेजारच्या जोडीतल्या सिग्नलचा गोंगाट आत शिरू नये म्हणून. आमच्याकडे तिसरीवर हिरव्या जोडीतली तार, सहावीवर निळ्या जोडीतली. पीळच निरुपयोगी. खालच्या केबल आखूड, त्यांनी कसंबसं निभावून नेलं. वरच्या चाळीसेक मीटरच्या, त्यांनी मान टाकली.

आणि टेस्टर? तो फक्त एक नंबरची तार पलीकडे एक नंबरला पोचते का, एवढंच बघतो. दोन्ही टोकांना चूक सारखीच, म्हणून आठही हिरवे. कोणती तार कोणाभोवती पिळली आहे हे त्याच्या बापालाही कळत नाही. ते मोजणारं सर्टिफिकेशनचं यंत्र महाग असतं. मोठं काम असेल तर त्याचा रिपोर्ट मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. मी देऊन बसलो होतो.

ए आणि बी पद्धतींत फरक फक्त हिरव्या आणि नारिंगी जोडीच्या अदलाबदलीचा. कोणतीही चालते, दोन्हीकडे तीच हवी.

१२ पॉइंटची २४ टोकं भाच्याने दुपारभरात कापून नव्याने केली, पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त न उकलता. एका ठिकाणी केबल इतकी ताणून बसवलेली की कापल्यावर कनेक्टरपर्यंत पोचेना. ती पूर्ण नव्याने ओढली. प्रत्येक टोकाला हातभर केबल गुंडाळून ठेवायला सांगा.

केबलच्या श्रेणी असतात. आम्ही घेतली ती कॅट सिक्सच घ्यायला हवी होती असं नाही. तिच्या खालच्या कॅट फाइव्ह-ईवर १ गिगाबिट १०० मीटर जातं, आम्हाला पुरलं असतं. सिक्सवर १० गिगाबिट फार तर ५५ मीटर, पुढे १०० मीटरपर्यंत सिक्स-ए लागते. पण त्याआधी तार ब्लेडने खरवडून पाहा. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम आहे, ३०५ मीटरचं खोकं उचलतानाच हलकं लागतं. आमची तांब्याची निघाली, एवढं त्या माणसाचं खरं.

वरच्या खोलीची एक केबल त्याने कूलरच्या विजेच्या वायरसोबत एकाच पट्टीतून आणली आहे, म्हणजे तिचाही गोंगाट आत शिरणार. ती मेमध्ये कूलर लागायच्या आत वेगळी करायची आहे. त्याला बोलावणार नाही.