दोन लोकलच्या मधलं स्टेशन

ब्रिटनमध्ये १९६०च्या दशकात खेड्यांतली शेकडो स्टेशनं बंद झाली. पुढे कुठे तिकीटघरात चहाचं दुकान आलं, कुठे कुणी तिथे राहायलाच गेलं. असे फोटो पाहताना मला आपली कसारा लाइन आठवते. आपल्याकडे गाडी बंद पडायची वाट कोण बघतंय? दोन लोकलच्या मधल्या वेळात गाव स्टेशन वापरून मोकळं होतं.

मुळात हे रूळ गावांसाठी टाकलेच नव्हते. १६ एप्रिल १८५३ला गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, त्याचं कौतुक आम्हा ठाणेकरांना अजून पुरलंय. पण खरी ओढ घाटापलीकडच्या कापसाची होती. १८५४मध्ये कल्याण, १८५५मध्ये वासिंद, १८६१मध्ये कसारा. पुढे थळ घाट. वाटेतल्या माणसांना काय हवं, हे कुणी विचारलं नसावं. तालुक्याचं गाव शहापूर, पण उतरायचं आसनगावला!

तरी माणसांनी स्टेशन आपलंसं केलंच. पावसाच्या तोंडावर पहाटेच्या लोकलने ठाकूर-कातकरी बायका पाट्या घेऊन ठाण्याकडे निघतात. गाडी यायला अवकाश असला की फलाटच त्यांचा ओटा. शेवळाच्या, म्हणजे त्या पावसाळी रानभाजीच्या, जुड्या तिथेच सारख्या होतात, करटुल्यांतली किडकी बाजूला पडतात. त्याच बाकावर कुणी कॉलेजची मुलगी वही उघडून बसलेली असते, कारण घरात एवढा उजेड नि एवढा पंखा नसतो. संध्याकाळी तिथे म्हातारे. त्यांना कुठेही जायचं नसतं. कोण आलं, कोण गेलं, एवढी नोंद ठेवायची असते. फलाट तिकिटाचा विषय त्यांच्यापुढे काढून बघा!

नवी मुंबईत स्टेशनाचा असा गाडीपलीकडचा वापर आधी कागदावर ठरला. तिथल्या स्टेशनांचा दोन तृतीयांश खर्च सिडकोने उचलला आणि वर-खाली दुकानं, कचेऱ्या बसवल्या. वाशी स्टेशनच्या डोक्यावर तर अख्खं इन्फोटेक पार्क आहे. सोय उत्तम, शंकाच नाही. पण नुसतं बसायला म्हणून तिथे कोणी येत असेल, असं मला वाटत नाही. दिघा गाव स्टेशनची तऱ्हा आणखी वेगळी. बांधून तयार, आणि कित्येक महिने कुलूप! जानेवारी २०२४मध्ये एकदाची गाडी थांबली.

मला विचाराल तर स्टेशनाचा सगळ्यात चोख वापर त्या पाटीवाल्या बायका करतात. ठाणे स्टेशनबाहेर त्यांतल्या एका बाईकडे मी नुसती शेवळं मागितली, तर तिने जुडी मागे ओढली. "काकडं घे सोबत. नाहीतर घसा खाजला की मला शिव्या देशील." काकडं म्हणजे शेवळांची खाज मारणारी आंबट रानफळं. त्यांचे पैसे अर्थातच वेगळे.