नाकावरची चिमूट

पोटातलं डायलिसिस घरी कसं करायचं हे शिकवणं माझं काम. पेशंटला शिकवते, घरच्यांना शिकवते आणि वॉर्डातून पाठवलेल्या सिस्टरांनाही. (त्यांतली एखादी जरा हाताशी आली की तिची बदली होते. पण तो विषय काढला तर हे लिहून व्हायचं नाही.)

लोकांना वाटतं मी मशीन शिकवते. हाताने करायच्या या पद्धतीत मशीन नसतंच. वर टांगलेली दोन लिटरची भरलेली बॅग, खाली रिकामी बॅग आणि पोटात बसवलेली नळी. जुनं पाणी काढायचं, नवं भरायचं, चार-सहा तास पोटात ठेवायचं. बहुतेकांना दिवसातून चार वेळा. रक्तातली घाण पोटातल्या पडद्यातून त्या पाण्यात उतरते. एवढं एका दुपारी समजतं. बाकीचे सगळे दिवस जातात ते नळीचं टोक उघडं राहतं त्या तीन-चार सेकंदांवर.

ते सेकंद मला शिकवता येतात, असा माझा समज होता. पंखा बंद, दारं-खिडक्या बंद. आधी मास्क, मग हात. बॅगेची तारीख बघा, पाण्यात साखर दीड टक्के की अडीच ते बघा, दाबून गळती बघा. पुन्हा हात, आणि हात कोरडे म्हणजे बोटांच्या बेचक्यासुद्धा कोरड्या. मग नळीची टोपी काढायची, टोक खाली वळवायचं आणि कशालाही न लागता बॅगेला जोडायचं. पोटातलं पाणी काढून झालं की नवं पाणी आधी पाच आकडे मोजत खालच्या बॅगेत सोडायचं, मगच पोटात. जोडताना काही शिरलं असेल तर ते वाहून जावं म्हणून. शेवटी आयोडीनची नवी टोपी. वापरलेली परत लावायची नाही म्हणजे नाही.

माझे एक पेशंट, त्यांना मी काका म्हणते, हे सगळं इतकं नेमकं करायचे की नव्या सिस्टरांना मी मुद्दाम त्यांच्यासमोर बसवायची. उभा जन्म बस चालवली होती त्यांनी. दाखवलं तसं करायचं, मध्ये आपली अक्कल चालवायची नाही.

दोन महिन्यांनी फोन आला. "सिस्टर, पेपर वाचता येत नाही." बाहेर काढलेल्या पाण्याच्या बॅगेमागे छापील कागद धरायला मी सांगते. अक्षरं दिसली नाहीत तर बॅग फेकायची नाही, ती घेऊनच यायचं. काका बॅग घेऊन आले, पोट धरून. पाण्यात पांढऱ्या पेशी शंभराच्या कितीतरी वर, म्हणजे पोटात जंतुसंसर्ग. कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघतात त्या तपासणीत, कातडीवर राहणारे जंतू. दोन आठवडे बॅगेतून अँटिबायोटिक दिलं, पाणी स्वच्छ झालं, नळी वाचली.

फाइलमध्ये मी लिहिलं: "तंत्रात हयगय. पुन्हा प्रशिक्षण." असं झालं की आम्ही हेच वाक्य लिहितो. काही न बघताच मी ते लिहिलं.

पुन्हा शिकवायला त्यांच्या घरी गेले. खोली आमच्या ट्रेनिंग रूमपेक्षा स्वच्छ. काही बोलायचं नाही, नुसतं बघायचं असं ठरवून गेले होते. काकांनी हात धुतले, पुसले, मग अंगठा आणि बोटाच्या चिमटीत मास्कची नाकावरची तार धरून घट्ट दाबली. एकदा, दोनदा. आणि त्याच हाताने टोपीकडे वळले.

"काका, थांबा. हे काय केलंत?"

"काय केलं?"

"मास्कला हात लावलात."

त्यांनी वही उघडून दाखवली. माझा छापील कागद होताच, पण त्यांनी मला बघून स्वतःच्या अक्षरात वेगळी यादी केली होती. सहा, हात कोरडे. सात, नाकाला चिमूट. आठ, टोपी काढणे.

"तुम्ही करता की, सिस्टर. दर वेळी."

मला चष्मा आहे. मास्क लावला की काचांवर वाफ धरते, म्हणून मी तार दाबते. डेमोचं पोट रबराचं, त्यात कोणाला काय व्हायचंय! काकांना चष्माच नाही.

काकांनी पेन काढून सात नंबर खोडला. "पुढचे आकडे बदलू का?" म्हणाले. मला उत्तर सुचेना.

सोमवारी ट्रेनिंग रूममध्ये मागे उभं राहून दोन सिस्टरांना बघितलं. एकीने तार दाबली. चष्मा तिलाही नव्हता.

डॉक्टर म्हणाले, त्यानेच झालं कशावरून? बरोबरच आहे. चिमटीतली बोटं टोकाला लागलीच असतील असं नाही, कारण दुसरंही असू शकेल. शिवाय आमचा आकडा चांगला आहे. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना म्हणतात की सरासरी एका रुग्णामागे वर्षाला ०.४ पेक्षा जास्त वेळा पोटात जंतुसंसर्ग होऊ नये. आम्ही त्याच्या आत आहोत, आणि मीटिंगमध्ये तेवढंच विचारतात.

मी चष्म्याला नाकावर चिकटपट्टी लावायला लागले आहे. फाइलमधली नोंद मात्र तशीच आहे. आमच्या सिस्टिममध्ये ती खोडता येत नाही, खाली पुरवणी जोडता येते. तीनदा लिहायला घेतली. "तंत्रात हयगय नव्हती" इथपर्यंत येते आणि पुढे कोणाचं नाव घालायचं तिथे अडते. हयगय तर मीही केली नव्हती.