डग्गा उजवीकडे

मी पक्का डावरा. शाळेतल्या संगीताच्या तासाआधी एका क्लासला जायचो, तिथे तबला उजव्याच हाताने वाजवायचा असा दंडक, माझा तिरकिट हा बोल म्हणजे नुसता गोंधळ, शेवटी सोडूनच दिलं. त्यामुळे शाळेतल्या संगीताच्या सरांनी 'तबल्यावर कोण बसतंय' विचारलं तेव्हा मी मान खाली घातली होती, पण मित्रांनी ढकललंच.

सर म्हणाले, आधी बाकावर नुसता ठेका धर. मी धरला. ते हातांकडे बघत बसले, मग उठून तबला डावीकडे आणि डग्गा, म्हणजे जोडीतला मोठा, उजवीकडे ठेवला, बस्स. मला वाटायचं डावऱ्यांचा तबला वेगळा मिळत असेल! तबल्याची शाई, म्हणजे तो काळा गोल, मधोमध, त्याला काही फरकच पडत नाही, डग्ग्याची शाई मात्र एका बाजूला असते म्हणून तो चुंबळीवर जरा फिरवून घ्यायचा, म्हणजे मनगट ठेवायला जागा होते. आणि सर समोर बसले की चक्क आरसा, त्यांचा उजवा हात माझ्या डाव्यासमोर. बाकीची पोरं कुठला हात कुठला यात अडकायची, तेवढीच माझी वट.

गिटारवाल्या मैत्रिणीचं एवढं सोपं नव्हतं. तिथे नुसत्या तारा उलट्या लावून भागत नाही, नटच्या, म्हणजे वरच्या टोकाला तारा टेकतात त्या तुकड्याच्या, खाचा जाड-बारीक तारांच्या मापाने कापलेल्या असतात आणि खालच्या टोकाला ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी बहुतेक तिरकी, सूर हलतो. सरांनी तिला हवेत गिटार वाजवायला लावलं, छेडायला डावा हात गेला. तरी ठरवायचं तिनेच. डावरा गिटारवादक जिमी हेंड्रिक्स उजव्या हाताची गिटार उलटी धरून तारा बदलून घ्यायचा, तशीच डावरी एलिझाबेथ कॉटन तर तारा न बदलताच उलटी वाजवायची, चाल अंगठ्याने आणि खर्ज बोटांनी, हे सगळं सरांनीच सांगितलं. तिने शेवटी सरळच धरली. म्हणाली, तारा दाबायची अवघड कामं डाव्याच हाताला आहेत की, शिवाय कुणाचीही गिटार उचलून वाजवता येते. मला हे अजून पूर्ण पटलेलं नाही, पण ती माझ्यापेक्षा छान वाजवते त्यामुळे गप्प बसतो.

गॅदरिंगला मात्र दरवेळी तोच घोळ, आधीचा उठला की मी बसायच्या आत जोडीची अदलाबदल, माईक हलवायचे, तोवर गाणारी बिचारी तोंड उघडून थांबलेली. महोत्सवात मला वाजवायचंय म्हणे. स्टेज लावणाऱ्यांना आत्ताच सांगून ठेवतो, डग्गा उजवीकडे.