आदेशानुसार व नावाने

तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून रिटायर झालो, त्याला आता सात वर्षं होतील. तेव्हापासून चहाच्या हॉटेलात बसलं की कुणीतरी विचारतंच, "नाना, सगळा कारभार पंतप्रधान बघतेत, मंग त्या राष्ट्रपतीला 340 खोल्यांचा बंगला कामून?" परवा स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या पुतण्यानंही हेच विचारलं. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

माझी सगळी नोकरी शासन निर्णय वाचण्यात गेली. जीआर कशाचाही असो, दुष्काळी अनुदानाचा नाहीतर खुर्च्यांच्या खरेदीचा, शेवटी एक ओळ ठरलेली: 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने.' खाली सही कुण्या उपसचिवाची. राज्यपालांनी तो कागद बहुधा बघितलेलाही नसतो. नोकरीत नवा होतो तेव्हा मला या ओळीचं हसू यायचं. मग मुख्यमंत्री गेले-आले ते पाहिलं. बंगले बदलले, पाट्या बदलल्या, पण जुन्या जीआरवरची शेतकऱ्याची रक्कम देणं म्हणून तशीच उभी राहिली. ते पैसे कुण्या मुख्यमंत्र्यानं कबूल केलेले नव्हतेच. राज्यानं केले होते. सरकार म्हणजे राज्य नव्हे, हे मला पुस्तकानं नाही, त्या ओळीनं शिकवलं.

आमच्या भागात, म्हणजे जुन्या हैदराबाद संस्थानातल्या मराठवाड्यात, तर नाव एकाचं अन् कारभार दुसऱ्याचा हा प्रयोग एकाच माणसावर झाला. 17 सप्टेंबर 1948 ला निजामानं शरणागती पत्करली. त्यानंतर दीडच महिन्यानं, 4 नोव्हेंबरला, बाबासाहेबांनी घटना समितीत मसुदा मांडला आणि राष्ट्रपतीचं स्थान सरकारी शिक्क्यावरच्या चिन्हासारखं असल्याचं सांगितलं: राष्ट्राचं प्रतिनिधित्व करील, राज्य चालवणार नाही. आणि 26 जानेवारी 1950 ला तोच निजाम, मीर उस्मान अली खान, हैदराबादचा राजप्रमुख, म्हणजे राज्यपालासारखा नावाचा प्रमुख, झाला, तो थेट 31 ऑक्टोबर 1956 पर्यंत. 1952 ला निवडून आलेलं बुर्गुल रामकृष्ण राव यांचं मंत्रिमंडळ कारभार करायचं, वर नाव निजामाचं.

आजोबा यावर फार चिडायचे. ज्याला घालवायला गाव सोडून रानोमाळ हिंडलो, त्याचंच नाव वर कशाला? आजीच्या पेटीत एक हाली रुपया, म्हणजे निजामाचं नाणं, होता, चारमिनारचा, मधल्या कमानीत 'ऐन' हे उर्दू अक्षर, उस्मानमधलं. ती तो बोटांनी चोळत म्हणायची, "आधी नाव बी त्याचं अन् हुकूम बी त्याचाच. आता नुसतं नाव राहिलं, ते राहू द्या की." राजप्रमुख नेमणं मला स्वतःला आवडलेलं नाही, नाव वंशपरंपरेचं नसावंच. पण नाव आणि हुकूम वेगळे काढता येतात, हे आजीला कळलं होतं.

बरं, नाव पाहिजे तर एकाच माणसाचं का? इथं मला आमचा पोळा आठवतो. वेशीत तोरणाखालून मानाचा बैल आधी जातो, मग बाकीचे. तो बैल काही गावाचं रान नांगरत नाही, नुसता पुढं चालतो. एका साली दोन भावक्यांनी मान सांगितला. दोन्हीकडचे बैल शिंगांना बेगड लावून, झुली घालून वेशीत अडले. मागं सगळ्या गावाची जनावरं ताटकळत उभी, पोरं रडकुंडीला, दिवे लागायची वेळ झाली तरी तोरण तसंच. शेवटी फौजदार आले. पुढच्या सालापासून पाळी ठरली.

पाळीनं चालतं, नाही असं नाही. स्वित्झर्लंडात सात जणांची परिषद असते आणि अध्यक्षपद दरवर्षी फिरतं. सॅन मरिनोत एकाच वेळी दोघं, सहा महिन्यांसाठी. उरुग्वेनं 1952 ला नऊ जणांची परिषद करून पाहिली आणि 1967 ला पुन्हा एका अध्यक्षावर आले. पण तिथंही वेशीतनं आधी कोण जाणार, हे आधी ठरवावंच लागतं.

खरी गरज चार्ज देताना कळते. 31 ऑक्टोबर 1984 ला इंदिराजींची हत्या झाली, राष्ट्रपती झैलसिंग परदेश दौऱ्यावरून परतले आणि त्याच संध्याकाळी राजीव गांधींचा शपथविधी झाला. शपथ देणारी खुर्चीच रिकामी असती तर? 1969 ला राष्ट्रपती झाकीर हुसेन गेले, उपराष्ट्रपती गिरी यांनी निवडणूक लढवायला राजीनामा दिला, तेव्हा सरन्यायाधीश हिदायतुल्ला 35 दिवस राष्ट्रपतीचं काम बघत होते. कारकुनी डोळ्याला हे फार सुंदर दिसतं: एक दिवसही चार्जविना नाही.

शिक्का चुकीच्या कागदावरही उमटतो. 25 जून 1975 च्या रात्री फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीवर सही केली, मंत्रिमंडळ बसलं दुसऱ्या दिवशी सकाळी. 2019 ला आपल्याकडची राष्ट्रपती राजवट पहाटे 5 वाजून 47 मिनिटांनी उठली. आमच्या ऑफिसात त्या वेळी शिपाईसुद्धा नसायचा. उलट 1997 ला नारायणन यांनी उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवटीची शिफारस फेरविचाराला परत पाठवली. प्रत्येक वेळी सही कुणी केली, कुणी अडवली, हे नावानिशी सांगता येतं. सात सह्यांचा कागद मी पुष्कळ पाहिलाय. चौकशी लागली की सातही जण शेजारच्या सहीकडं बोट दाखवतात.

पुतण्यानं हे सगळं वहीत उतरवून घेतलं आणि मग विचारलं, "नाना, यंदा पोळ्याची पाळी कुणाची?"

यंदा आमची. पण आमच्याकडं बैल कुठाय आता, दोन्ही घरी ट्रॅक्टर. भावकीत बैठक झाली. शेजारच्या गावातनं एक दिवसापुरता मागून आणायचा ठरलाय.