डोळ्याखालची जखम

लालबागचा बंड्या, नऊ वर्षांचा लॅब्राडोर, वजन 30 किलो. उजव्या डोळ्याखाली भोक पडून पू येत होता. तीन महिन्यांत दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स झालेला. गोळ्या चालू असेपर्यंत भोक सुकायचं, थांबवल्या की आठवड्याभरात पुन्हा वाहायचं. एकाच जागी परत परत फुटणारी अशी जखम दिसली की मी आधी ओठ वर करते. वरच्या मोठ्या कापदाढेची बाहेरची कपची तिरकी उडालेली होती आणि मधोमध काळा ठिपका होता, म्हणजे आतली नस उघडी पडून मेलेली. तिथला जंतुसंसर्ग मुळांच्या टोकांपर्यंत जातो आणि हाड पोखरून डोळ्याखाली वाट काढतो.

"दात दुखत असता तर जेवला असता का हो, डॉक्टर?" बंड्याला घेऊन आलेल्या आजींनी विचारलं. जेवतो, आजी. कुत्रं दुखऱ्या बाजूने चावणं सोडतं, जेवण सहसा सोडत नाही. बंड्याच्या उजव्या दाढांवर डावीपेक्षा कितीतरी जाड कीटण होतं, कारण ती बाजू वापरातच नव्हती. दर रविवारी त्याला मटणाची नळी मिळायची. जिच्यावर नख दाबून खूण उमटत नाही अशी वस्तू दात तोडते.

भूल न देता दात खरवडून देण्याची मागणी हल्ली बरेच जण करतात. त्याने वरचं कीटण निघतं, हिरडीखालचं तसंच राहतं आणि एक्स-रे तर निघतच नाही. रक्ततपासणी करून बंड्याला भूल दिली, श्वासनलिकेत फुगा असलेली नळी घातली. घशात गॉजचे तुकडे ठेवले आणि किती ठेवले ते फळ्यावर लिहिलं. एक जरी आत राहिला तर नळी काढल्यावर जीव गुदमरू शकतो.

या दाढेला तीन मुळं असतात, पुढे दोन आणि मागे एक. सरळ एक्स-रेत पुढची दोन एकावर एक येतात, म्हणून ट्यूब तिरकी करून दुसरा काढला. तिन्ही टोकांभोवती हाड विरघळल्याचा काळा डाग होता. नसेजवळ बधिर करायचं इंजेक्शन दिलं, हिरडीचा पदर उचलला, बाहेरचं थोडं हाड घासलं आणि पाण्याची धार सोडत दाढेचे तीन तुकडे केले. अख्खी दाढ ओढली तर मुळं बहुतेक वेळा मोडतात. मग एलिव्हेटर, म्हणजे दात सैल करायचं चपट्या पात्याचं हत्यार, मुळाच्या कडेला घुसवून, किंचित फिरवून 10 ते 15 सेकंद तसंच धरायचं. मुळाला हाडाशी बांधून ठेवणारे धागे तुटायला तेवढा वेळ लागतो. तर्जनी पात्याच्या टोकाशी टेकवलेली हवी, कारण हात निसटला तर वर डोळा आहे. टाळूकडचं मूळ बारीक. मोडलं तर तेच. त्याच्यावर वीस मिनिटं गेली, पण टोकासकट निघालं. शेवटच्या एक्स-रेत खड्डे रिकामे दिसल्यावरच विरघळणाऱ्या बारीक धाग्याने, हिरडीवर ताण न येऊ देता टाके घातले. डोळ्याखालच्या भोकाला टाका घातला नाही, फक्त सलाइनने धुतलं. मूळ कारण गेलं की ते आपोआप भरतं.

दोन आठवडे मऊ भात-चिकन, वेदनाशामक औषध जेवणानंतरच. टाके भरल्यावर रोज ब्रश, पण आपली टूथपेस्ट नाही; काहींत झायलिटॉल नावाचा गोडवा आणणारा पदार्थ असतो, तो कुत्र्याला विषारी.

चौदाव्या दिवशी भोक बुजलं होतं, कडेने केस यायला लागले होते. रविवारचं काय, हा आजींचा प्रश्न होता. नळी उकळा, हाड फेकून द्या, मीठ-कांदा न घातलेलं पाणी भातावर ओता.